लाईट गेली, पंप गप

पुण्या-मुंबईच्या कोणी ते पान मोबाईलवर उघडलं तर त्याला वाटेल, कोण्या टवाळानं चेष्टा केली. पानावर एकाखाली एक ओळी येतात. 'लाईट गेली. पंप गप.' 'लाईट आली. बटनाची वाट बघायलोय.' 'पंप चालू. पानी टेकाडवस्तीकडं निघालं.' 'हिरीत पानी कमी. दम खातो.' प्रत्येक ओळीच्या डाव्या अंगाला तारीख आणि टाईम. चेष्टा नाही ती. आमच्या पंपघरातलं यंत्र स्वतःच्या कामाच्या नोंदी स्वतः लिहितं, आणि त्यानं लिहिलेलं कुणीही, कुठूनही वाचू शकतं. जगातली बाकीची यंत्रं इंग्रजीत लिहितात. आमचं परळी तालुक्याच्या बोलीत लिहितं. ती बोली त्याला आमच्या आम्रपालीनं शिकवली, म्हणून ही हकिकत तिची.

धर्मापुरीच्या जुन्या देवळाकडून पायवाटेनं आलात तर आमचं गाव जवळ, डांबरी सडकेनं आलात तर लांब. चार गावं आणि एक टेकाडवस्ती मिळून पाण्याची एकच योजना आहे. तलावाच्या काठाला विहीर, विहिरीवर पंपघर. तिथून पाइप निघतो तो गावागावाची टाकी भरत भरत शेवटाला टेकाडवस्तीवर चढतो, आणि चढता चढता त्याचा दम जातो. वस्तीला टाकी नाही, नुसते नळ. पाणी आलं त्या वेळी भरलं तर भरलं, नाही तर गेलं वाहून ओढ्याला. मग पुढची पाळी येईपर्यंत बसा हात चोळत.

आता पाणी कधी येणार हे वस्तीला कोण सांगणार? पंपावर तात्याबा असतात. डोक्याला पटका, कानावर बिडी, माणूस इमानी. बटण दाबलं की फोनवर सांगणार, "सोडलंय बाई, सोडलंय." पण बटण दाबणं वेगळं आणि पाणी टेकाडावर पोचणं वेगळं. मधेच लाईट जायची, मधेच मोटर तापायची. तात्याबा तोवर बांधाला टेकून पेंगत असायचे. वस्तीवरच्या बाया नळाला हंडे लावून उन्हात बसायच्या. त्यांच्यात मंजुळाबाई म्होरकी. दिवाळी झाली की नवरा-बायको कोयते घेऊन ऊसतोडीला जाणार, तोवर इथंच सोयाबीन काढायचं, कापूस वेचायचा. नळापाशी बसली तर रोजगार बुडाला. रोजगाराला गेली तर पाणी बुडालं. तिचं म्हणणं एवढंच होतं, "येनार न्हाई म्हना, मी जाते. येनार म्हना, मी बसते. पन कायतरी खरं म्हना."

आम्रपाली भीमनगरातली. बाप लवकर गेला. आई यशोधराबाई अंगणवाडीत मदतनीस. पोरीला वळण लागलं ते आज्याचं, आश्रुबाचं. त्या आश्रुबाची एक गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. गावची दवंडी त्याच्या घराण्याकडं होती. पाटील सांगील ते, पाटील सांगील तेव्हा, घुंगरकाठी आपटत ओरडत फिरायचं. आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही, गाळायचं नाही. छप्पन सालानंतर भीमनगरानं धम्म घेतला. आश्रुबाला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. त्यानं घुंगरं काढून फेकली, काठी मोडून चुलीत घातली आणि त्या जाळावर भाजलेली भाकर सगळ्यांच्या देखत दारात बसून खाल्ली. गावानं काम बंद करून बघितलं, किराणा बंद करून बघितला. आश्रुबा सडकेवर खडी फोडायला गेला, पण दवंडीला गेला नाही. म्हातारपणी त्याला कोणी त्याबद्दल विचारलं तर म्हणायचा, "भाकर करपली व्हती थोडी. पन ग्वाड लागली."

त्या आज्याची ही नात. बीडला होस्टेलात राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. मग परळीला एका कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत कंत्राटी नोकरी. तिथं तिला एक नाद लागला. यंत्र आत बसल्या बसल्या आपल्या नोंदी लिहीत असतं, लॉग म्हणतात त्याला. कोण आलं, काय चालू केलं, कशानं बंद पडलं, सगळं ओळीनं. बाकीचे जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर रील बघायचे, ही लॉग वाचायची. "चांगला टाईमपास व्हतो," म्हणायची. "मानसावानीच असतंय ते. एकाच गोष्टीची दहादा तकरार करतंय, मग गप बसतंय." कंत्राट संपलं, आई एकटी, तेव्हा ती गावाकडं आली. पाणी समितीला पंपावर कॉम्प्युटर बसवायचाच होता. समितीचे अध्यक्ष विठ्ठलराव. त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि चारी गावांच्या टाक्यांचा आणि पंपघराचा जिम्मा तिच्याकडं दिला.

पंपघरात तिनं डब्यासारखं एक लहान यंत्र भिंतीला ठोकलं. मोटर चालली, लाईट गेली, पाणी कुठल्या पाइपाला वळलं, हे ते ओळखणार आणि लिहिणार. पण लिहिलेलं पंपघरात पडून काय कामाचं? मग तिनं टाक्यांच्या डोक्यावर अँटेना बसवले, एका टाकीवरून दुसरी टाकी दिसली पाहिजे असे. ती वर चढलेली, खाली विठ्ठलराव स्वतः शिडी धरून उभे. अध्यक्ष शिडी धरतो हे बघायला निम्मं गाव जमलेलं. अँटेनाच्या वाटेनं पंपघरातलं लिहिलेलं पंचायतीतल्या दुसऱ्या यंत्रापर्यंत यायचं, आणि तिथून इंटरनेटवर.

हे सगळं समजावायला ती पहिल्यांदा गेली टेकाडवस्तीवर, मंजुळाबाईकडं. मंजुळाबाई तेव्हा सुनेच्या मोबाईलवर तोंड वाकडं करून बघत होती.

"मावशी, यंत्राला सवय असती. जे व्हईल ते लिहून ठेवायचं. कुनी सांगो न सांगो."

"आन् ते वाचायला मी पंपघरात येऊ व्हय, डोक्यावर हंडा घेऊन?"

"न्हाई. त्याच्या दारात मी एक जन बसवलाय. वेब सर्व्हर म्हनत्यात त्याला. तुमी मोबाईलवरून इचारलं की त्यो आतलं वाचून दाखवनार. वाचून दाखवनार, पन हात लावू देनार न्हाई. तुमाला न्हाई, तात्याबाला न्हाई, अध्यक्षाला न्हाई."

"आन् मी दिसातून शंभरदा इचारलं तर? कटाळंल की त्यो."

"न्हाई कटाळत. शंभरदा सांगंल."

"मंग माझ्या घरधन्यापक्षा बरा हाय." आणि घरधनी तिथंच बाजेवर बसलेला.

बोलीवरून मात्र खटका उडाला. विठ्ठलराव पान बघून म्हणाले, "आम्रपाली, हे असं गावंढळ कावून लिहिलंस? 'पंप गप' काय, 'दम खातो' काय. उद्या जिल्ह्याचे साहेब बघतील."

"साहेब नळावर हंडा लावत्यात का अण्णा?"

"तसं न्हाई. पन जरा नीट लिव्ह. 'विद्युत पुरवठा खंडित' असं काहीतरी."

"ते वाचून मंजुळामावशी मलाच फोन करनार, का बाई म्हनतंय काय ते? मग यंत्र कशाला बसवलं? मी पंपघरातच बसते की फोन घेऊन."

विठ्ठलराव हसले आणि बोली राहिली. माणूस हट्टी, पण हसू आलं की सोडून देणारा.

एका गोष्टीत तिनं फार काळजी घेतली. पंपाचं यंत्र उघड्यावर ठेवलं तर बाहेरून कोणीतरी घुसून मोटरशी खेळ करील, म्हणून पंपघरातल्या यंत्रानं फक्त पंचायतीतल्या यंत्राशी बोलायचं, बाहेर जगाशी अजिबात नाही, असा बंदोबस्त केला. तो बरोबरच होता. पण बाकीची यंत्रं नेटवरून टाईम विचारून घेतात, ती सोय ह्याला राहिली नाही. मग घड्याळ तिनं हातानं लावून दिलं. आणि लाईट गेली तरी यंत्र जागं राहावं, घड्याळ चालू राहावं, म्हणून मोठी बॅटरी जोडली. आमच्याकडं लाईट रोज जाते. पण बॅटरी कोण कशाला सोडवील?

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, घड्याळ बिनचूक चाललं. वस्तीवर रीतच पडली. सकाळी चहाच्या आधी सून पान उघडून मोठ्यानं वाचायची आणि आळीतल्या बाया ऐकून ठरवायच्या, आज खुरपं का हंडा. गावातली म्हातारी माणसंही पारावर बसून वाचायला लागली. "बघा बे, लाईट आली म्हनतंय. चला पिठाच्या गिरनीवर." बाहेरगावी नोकरीला असलेली पोरं तिथून पान उघडून बघायची. गावाकडची खुशाली म्हणून 'पंप चालू' एवढं वाचलं तरी त्यांना बरं वाटायचं.

मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला हत्यारा-अवजारांची पूजा हे आमच्याकडं लहान पोराला पण माहीत. नांगर, कुऱ्हाड, कोयता, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, जे पोटाला देतं ते धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. तेवढा वेळ त्याला कामाला लावायचं नाही. तात्याबा दरसाल पंपाची पूजा करतात आणि पूजा होईपर्यंत मोटर बंद ठेवतात. हे आम्रपालीलाही ठाऊक होतं, पण ऐकून. त्या दिवशी ती कधी पंपघरात गेलीच नव्हती. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर पोचायचं तर खंडेनवमीलाच परळीहून गाडी धरावी लागते. पांढरी साडी पिशवीत घालून, आईला घेऊन ती दरसालची वाट धरते. त्या सालीही सकाळीच गेलती.

इकडं तात्याबांनी मोटर बंद केली. पानावर बरोबर ओळ आली: 'हातानं बंद. पंप गप.' त्या दुपारची पाळी टेकाडवस्तीची होती. सुनेनं ओळ वाचली. मंजुळाबाई म्हणाली, सणाचं बंद ठेवलं असंल, दुपारून बघू. दुपारून परत पान उघडलं. सगळ्यात वर तीच ओळ: 'हातानं बंद. पंप गप.' थोड्या वेळानं परत उघडलं, तीच ओळ. सगळी आळी सोयाबीनच्या मळणीवर निघून गेली.

पाणी मात्र आलं. दुपारीच आलं, चांगलं जोरात आलं. वस्तीवर कुत्र्यांशिवाय कोणी नव्हतं. नळ वाहत राहिले आणि ओढा वाहत राहिला. ऐन दसऱ्याला मंजुळाबाईच्या घरी जावई-लेक आलेले, आणि तिनं पाहुण्यांसाठी दूरच्या मळ्यातून डोक्यावर पाणी आणलं. त्या दिवशी तिनं आम्रपालीच्या नावानं जे काढलं ते इथं लिहिता येत नाही.

आम्रपाली परत आली तेव्हा तिच्या पिशवीत पुस्तकं होती, आईच्या हातात निळा झेंडा होता, आणि स्टॅंडवरच तिला बातमी कळली. पिशवी आईकडं देऊन ती तशीच पंपघराकडं गेली. मोटरला हार. बटणाच्या पेटीला हार. आणि भिंतीवरच्या तिच्या डब्याला सगळ्यात मोठा हार, कपाळावर लावावं तसं मधोमध हळदकुंकू, खाली उदबत्तीची राख. तात्याबा उठून उभे राहिले. अंगावर अजून दसऱ्याचा धुतलेला सदरा.

"बघ पोरी. मोटरीला तर दरसालच घालतो. म्हनलं, ह्या डब्ब्यानं उन्हाळापावसाळा माझ्यासंगं राबायचं आन् त्याला कावून वगळायचं?"

"लई चांगलं केलं तात्या. आन् मग? नुसता हार घातला?"

"नुसता कसा? देवाचं काम अर्धवट करत न्हाई मी. सगळ्या वायरी सोडवल्या, ब्याटरी सोडवली, कापडानं पुसून घेतली, परत जशीच्या तशी जोडली. बघ कशी चमकायली."

आम्रपाली तिथंच मोटरीच्या ओट्यावर बसली. बॅटरी सुटली तसं यंत्र झोपलं. परत जोडल्यावर उठलं तेव्हा त्याला टाईम विचारायला कोणी नव्हतं, म्हणून ते कुठल्या तरी जुन्या तारखेवर उठलं. त्यानं लिहायचं थांबवलं नाही. 'पंप चालू. पानी टेकाडवस्तीकडं निघालं,' हे त्यानं इमानानं लिहिलं, पण तारीख मागच्या सालची टाकली. आणि पानाला तिनंच शिकवलेलं होतं, की तारखेनं लावायचं, नवी तारीख वर, जुनी खाली. खरी ओळ गेली पार तळाला, कुणाला दिसणार? वर राहिली ती सकाळची.

"काय झालं गं?" तात्याबांनी विचारलं. "पूजेत काय चुकलं व्हय?"

"पूजेत न्हाई तात्या. माझ्यात चुकलं."

समितीची बैठक पंचायतीच्या हॉलात बसली. चारी गावची माणसं, टेकाडवस्तीच्या बाया दाराशी उभ्या. आम्रपालीला तिथं एकाच गोष्टीचा घोर होता. नोकरीचा नव्हता. तिला माहीत होतं की विठ्ठलरावांना ते पान आधीपासून थोडं टोचतंय. आधी लोक तात्याबाला फोन करायचे, आता पान वाचून थेट अध्यक्षाला करायचे: मोटर चालू आहे आणि आमच्या टाकीत का नाही? आता त्यांना पानावर हात टाकायला कारण मिळालं होतं.

आम्रपालीनं उठून सरळ सांगितलं. बॅटरी सुटेल हे मी धरलंच नव्हतं, घड्याळाची दुसरी सोय केली नव्हती, चूक माझी. तात्याबा मागून उठले. "तिची कशी? ब्याटरी मी सोडवली. आन् पूजा केली ही चूक असंल तर मग बोलनंच खुंटलं." हॉलात खसखस पिकली. कोणी म्हणालं, पूजा करा की, पण वायरीला हात कशाला? तात्याबा तापले. "तू ट्रॅक्टर धुतोस का नुसती टपावर फुलं ठेवतोस, बे?"

विठ्ठलरावांनी टेबलावर हात आपटला. "हे बघा, माझं कुनाशी भांडन न्हाई. पोरीनं काम चांगलंच केलंय, शिडी मीच धरली व्हती. पन लोक पान वाचून फसले. पान बंद करा म्हनत न्हाई मी. कुलूप लावा म्हनतो. पासवर्ड माझ्याकडं. मी बघीन, खरं-खोटं पारखीन, आन् जे सांगायचं ते आम्रपाली भोंग्यावरून सांगत जाईल. म्हनजे कुनाचा घोटाळा व्हनार न्हाई."

माना हलायला लागल्या. बोलणं वाजवी वाटत होतं, हीच त्यातली अडचण.

आम्रपाली बसली नव्हती. म्हणाली, "अण्णा, दुसऱ्याच्या हुकमानं, त्यो म्हनंल तेवढं, त्यो म्हनंल तवा, गावात ओरडून सांगायचं. हे काम माझ्या आज्यानं सोडलंय. काठी जाळून त्या जाळावर भाकर भाजून खाल्ली. मी ते परत धरनार न्हाई."

विठ्ठलरावांचा चेहरा उतरला. "मी तसं म्हनलो का गं?"

"तुमी न्हाई म्हनलात अण्णा. पन काम तेच हाय. दार उघडं ठेवनार असलात तर मी हाय. ज्याला बघायचं त्यानं यावं, बघावं, तुमच्या आधी बघावं. कुलूप लावायचं असंल तर दुसरा मानूस बघा."

आता काय, म्हणून सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात दाराशी गलका झाला आणि मंजुळाबाई पदर खोचत आत आली. "सरका बे पोरांनो. पानी माझं गेलं. तकरार माझी. आन् बोलायलेत दुसरेच."

विठ्ठलराव म्हणाले, "बोला की मंजुळाबाई. तुमचंच तर ऐकायचंय."

"ऐका मग. ही आम्रपाली माझी गुन्हेगार हाय. सनासुदीला मी मळ्यातून पानी वाहिलं, जावई बघत बसला. पोरीला मी अजून धा दिस शिव्या देनार हाय, कुनी आडवं यायचं न्हाई." आम्रपालीनं मान खाली घातली. "पन कुलपाचं कुनी काढलं मधीच? हे तात्याबा बसलेत. आजवर किती येळा 'सोडलंय सोडलंय' म्हनले आन् नळाला थेंब न्हाई. तवा कुनी त्यांच्या तोंडाला कुलूप लावलं का?"

हॉल हसला. तात्याबा म्हणाले, "आता माझ्यावर कावून घसरलीस बाई?"

"तुमी इमानी हायसा म्हनूनच म्हनते. इमानी मानसाचं बी चुकतंय. आन् अध्यक्ष, तुमी पारखून सांगनार म्हनता. तुमी लगीनघाईत, तुमी बीडला कोर्टात, तुमी जेवायला बसलेले. आमी तवर हंडा घेऊन तुमच्या जेवनाची वाट बघायची व्हय? आधी तात्याबाची बघत व्हतो."

विठ्ठलरावांनी टेबलावरचा तांब्या जवळ ओढला.

मंजुळाबाई आम्रपालीकडं वळली. "आन् तू. तुझ्या त्या यंत्राला टाईम म्हाईत नव्हता, तर त्यानं तसं कावून म्हनलं न्हाई? मला म्हाईत न्हाई, असं म्हनायला काय जात व्हतं त्याचं? उगा जुनी तारीख ठोकून मोकळं. त्याला सांग, म्हाईत नसंल तर म्हाईत न्हाई म्हन. मग बसायचं का जायचं ते माझं मी ठरवीन. मला तेवढी अक्कल हाय."

आम्रपालीनं मान वर केली. मग म्हणाली, "मावशी, हे माझ्या डोक्यात यायला पायजे व्हतं."

"मग येऊ दे की आता. कुनी अडवलंय?"

विठ्ठलराव टेबलावरचा तांब्या उगीच गोल फिरवत बसले होते. शेवटी म्हणाले, "ठीक हाय. दार उघडं. पन परत चुकलं तर?"

"परत चुकलं तर पानावरच दिसंल अण्णा. आन् सगळ्यात आधी माझंच चुकलेलं दिसंल."

"बघ बरं," ते म्हणाले आणि हसू आलं त्यांना. "तुझा आजा बी असाच व्हता. माझा बा सांगायचा. भाकर करपली व्हती म्हने."

"थोडी करपली व्हती."

तिनं पुढं जे केलं ते दिसायला बारकं. यंत्राला रुपयाएवढा एक सेल बसवला, म्हणजे बॅटरी सुटली तरी घड्याळ चालेल. पान तारखेनं लावायचं सोडून दिलं. यंत्राला टाईम चुकला तरी आधी काय लिहिलं आणि मग काय लिहिलं हा क्रम चुकत नाही, तर त्या क्रमानंच लावलं. आणि झोपेतून उठल्यावर घड्याळाचा भरवसा नसेल तर डाव्या अंगाला तारखेच्या जागी काय लिहायचं, हे तिनं मंजुळाबाईच्या ओसरीवर बसून, शिव्या खात खात, तिच्याकडून पास करून घेतलं. तिनं आधी 'वेळ निश्चित नाही' लिहिलं होतं. मंजुळाबाईनं ते ऐकून नाक मुरडलं.

शिव्या दहा दिवसांच्या आधीच संपल्या. मंजुळाबाईला ऊसतोडीची बांधाबांध होती.

पुढच्या साली खंडेनवमी आली तशी आम्रपाली परत आईला घेऊन गाडीत बसली. डब्यात निळ्या टोप्या, पांढऱ्या साड्या, कोणी भीमगीत म्हणतंय, कोणी चिवडा वाटतंय. निघण्याआधी तिनं तात्याबांना काही सांगितलं नव्हतं, हारही अडवला नव्हता, वायरीही नाही. तिच्या मनात एकच होतं: दार उघडं ठेवा म्हणून आपण हॉलात जे बोललो, ते आज टिकतं का मोडतं. दुपारून एका स्टेशनात रेंज आली तसं तिनं पान उघडलं.

'हातानं बंद. पंप गप.' ही सकाळची ओळ. आणि तिच्या वर, सगळ्यात वर:

'आत्ताच उठलो. टाईम म्हाईत न्हाई. पंप चालू. पानी टेकाडवस्तीकडं निघालं.'

टाईम माहीत नाही? सेल बसवलेला असताना? तिनं तात्याबांना फोन लावला.

"जय भीम पोरी! पोचलीस का?"

"वाटंत हाय. तात्या, पूजा झाली?"

"झोकात झाली. आन् बघ, ब्याटरी तर पुसलीच, पन औंदा त्यो बारका पैशावानी सेल हाय ना आत? त्यो बी काढून, पुसून, हळदकुंकू लावून बसवला. म्हनलं बारका हाय म्हनून त्याला वगळू नये."

आम्रपाली इतकी हसली की समोरच्या बाईनं चिवड्याचा हात थांबवला. आई म्हणाली, "काय गं, काय झालं?"

"काय न्हाई आई. यंत्राला टाईम म्हाईत न्हाई."

"मग हसतीस काय?"

तिनं उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. मंजुळाबाई. मागं बायांचा कालवा आणि पाण्याचा आवाज.

"आम्रपाले, त्याला टाईम म्हाईत न्हाई म्हनतोय."

"बघितलं मावशी."

"पन पानी निघालंय म्हनला, म्हनून मी कुनाला मळनीवर जाऊ दिलं न्हाई. आलंय. लई जोरात आलंय."

"आलं का?"

"खोटं सांगते व्हय मी? बरं, ठेव आता, हंडा भरला," म्हणाली आणि तिनंच फोन कट केला.